विलंब काढून दाखवा

नमुने, दर सेकंदाला: ५००

पडद्यावरच्या त्या खिडकीत सहा रकाने होते आणि कोपऱ्यात एक छोटा चौकोन. रकान्यांत आकडे भरायचे, खालचं बटण दाबायचं, की प्रोग्रॅम गणित करून जाळी विणून देई. कुठला कंप आत घ्यायचा आणि कुठला दाराबाहेर उभा करायचा, याची जाळी. कचेरीत तिला फिल्टर म्हणत. पण थोरल्या दिराला समजावताना धाकटीच्या तोंडून एकदा चाळणी असा शब्द गेला, आणि थोरल्याची उभी हयात दगडखाणीत खडीच्या चाळण्यांपाशी गेलेली असल्यानं तो त्याला जो पटला तो पटलाच. तेव्हापासून घरात चाळणी.

धाकटी म्हणजे त्या घरातली धाकटी सून. कचेरीत ती मॅडम, खाणीवर पेटीवाल्या बाई. एका मजल्यावर दोन बिऱ्हाडं, मध्ये एक भिंत, आणि चहाचं पातेलं मात्र एकच. ते थोरल्या जावेच्या ताब्यात.

काम मिळालं ते थोरल्यामुळेच. खाणीच्या कड्यावरून लागोपाठ दोनदा दरड सुटली. कुणाला खरचटलंही नाही, पण खाणमालक हबकला. थोरला त्याला म्हणाला, "आमच्या घरातली बाई असली यंत्रं करते. जमिनीला कान लावून बसणारी." झालं. धाकटीच्या कचेरीच्या साहेबांनी पेटी बनवली, आणि पेटीच्या आतली चाळणी धाकटीनं.

कड्यात चार ठिकाणी भोकं पाडून चार संवेदक पुरले. कामगार त्यांना कानच म्हणत. हे कान सेकंदाला पाचशे वेळा दगडाची नाडी बघायचे आणि तारेवरून पेटीला कळवायचे. पेटी थोरल्याच्या केबिनीत, भिंतीवर. दगड आतून तडकायला लागला की पेटीवर लाल दिवा, दिव्यासरशी भोंगा, आणि भोंगा ऐकला की कड्याखालच्यांनी हातातलं टाकून पोलादी आडोशाकडे पळायचं. आडोसा पाच सेकंदांवर होता. धाकटीनं घड्याळ लावून मोजलं होतं, ड्रिलवाल्या मास्तरला तीनदा पळवून.

"चौथ्यांदा पळवलंत तर आडोशाला नाही, थेट घरी जाईन," मास्तर धापा टाकत म्हणाला होता.

काय अडवायचं: १२

मास्तर काही मास्तर नव्हता. दुपारच्या सुट्टीत पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा, म्हणून मास्तर. त्याचा जोडीदार लंबू. तो मात्र नावाला जागलेला, केबिनीत शिरताना दर वेळी कपाळ आपटून घेणारा. दोघं मिळून एक ड्रिल चालवायचे, आणि दोघांचं मिळून एकच मत असायचं, ते मास्तर बोलायचा.

पहिल्या महिन्यात भोंगा दिवसातून पाच-सहा वेळा वाजला. दरड एकदाही आली नाही. खोड क्रशरची होती. दगडाचा चुरा करणारं ते धूड सेकंदाला बारा वेळा जमीन ठोकायचं, आणि तडकणाऱ्या दगडाची कुजबुज नेमकी त्याच्या शेजारघरी, बाराच्या जरासं वर. धाकटीची पहिली चाळणी ढोबळ होती. तिला दोन्ही सारखेच.

"बाई, तुमची पेटी आमच्या सासूसारखी आहे," मास्तर म्हणाला. "काही झालं नाही तरी बोंबलते. आणि खरंच काही होईल ना, त्या दिवशी आम्हीच म्हणू, बोंबलू दे."

लंबू हसला. बाकीचेही हसले. धाकटीही हसली, पण ते वाक्य ती घरी घेऊन गेली.

खाणमालकानं मग आपल्या परीनं उपाय काढला. पेटीपासून भोंग्याची तार तोडली आणि मध्ये माणूस बसवला. दिवा लागला की थोरल्यानं खिडकीतून कड्याकडे नजर टाकायची, क्रशर उगाच खवळलाय का ते पाहायचं, आणि मगच भोंग्याचं बटण दाबायचं. थोरल्याच्या हुद्द्यापुढे "सुरक्षा निरीक्षक" असं लागलं. थोरलीनं ते शेजारपाजारी चार जणींना सांगितलं. थोरल्यानं केबिनीत एक किटली नेऊन ठेवली.

"आता तरी ती चाळणी बारीक कर," तो धाकटीला म्हणाला. "मला दिवसभर त्या दिव्याशी डोळे लावून बसायला लागतं. बायकोकडे इतकं बघितलं असतं तर संसार सोन्याचा झाला असता."

"झालाच नाही का मग?" आतून थोरली.

"पितळेचा झाला. पण घासून घासून चमकवलाय तू."

जाळीची लांबी: ८००१

इथे थोडं थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती कळली की पुढचं सगळं कळतं.

चाळणीला एका क्षणाचा आवाज ऐकून काही ठरवता येत नाही. बाराचा ठोका आणि सव्वाबाराचा ठोका यांत भेद करायचा, तर तिला बराच वेळ ऐकत राहावं लागतं. जितका भेद बारीक, तितकं ऐकणं लांब. आणि ऐकून झाल्यावरच ती बोलते. म्हणजे बारीक चाळणी बरोबर बोलते, पण उशिरा बोलते. याला दुसरा इलाज नाही.

धाकटीच्या पहिल्या चाळणीची लांबी होती ८०१. तिचा उशीर पाऊण सेकंदाच्या आसपास. आता तिनं रकान्यात आणखी एक शून्य घातलं. ८००१. बटण दाबलं. बाराच्या जागी आलेखात अशी खोल, सरळ विहीर पडली की बघत राहावं. क्रशर त्या विहिरीत पार बुडाला. मागच्या महिन्यातले सगळे खोटे इशारे तिनं त्या चाळणीतून काढले. एकही उरला नाही.

खिडकीच्या तळाशी बारीक अक्षरांत आकडा आला: विलंब, ४००० नमुने. सेकंदाला पाचशे, म्हणजे आठ सेकंद. धाकटीनं तो पाहिला. पाहिला नाही असं ती पुढे एकदाही म्हणाली नाही.

पण खिडकीच्या कोपऱ्यात तो चौकोन होता. त्याच्यापुढे लिहिलेलं: विलंब काढून दाखवा. त्यात टिक आधीपासूनच असायची. प्रोग्रॅम करणाऱ्यांनी ती सोय सज्जनपणानं ठेवली होती. चाळलेली रेघ उशिरानं येते, मूळ रेघेशी तिचा मेळ बसत नाही, मग बघणाऱ्याला ताडून पाहायला त्रास. तर प्रोग्रॅम चाळलेली रेघ उचलून आठ सेकंद मागे, डावीकडे, जिच्या तिच्या जागी नेऊन ठेवी. कागदावर दोन्ही रेघा एकमेकींवर नीट बसत. टेबलाशी बसून काम करणारे सगळे ही टिक ठेवूनच काम करतात. ती काढायची असते हे विसरायला फार दिवस लागत नाहीत.

धाकटीनं दुसऱ्या एका खाणीतल्या दोन जुन्या दरडींची नोंद मागवून चाळून पाहिली. दोन्ही वेळा दगड वीस-वीस मिनिटं आधीपासून कुरकुरत होता. पुस्तकंही तेच सांगत होती: कडा एकदम पडत नाही, आधी बोलतो. वीस मिनिटांपुढे आठ सेकंद म्हणजे दर्यात खसखस. तिनं चाळणी पेटीत भरली.

चार महिने दिवा लागला नाही. क्रशर धडधडत राहिला, किटली उकळत राहिली. मास्तर म्हणाला, "बाई, सासू सुधारली. काय खायला घातलंत?"

"आठ हजार एक," धाकटी म्हणाली.

"एवढी हावरी?" मास्तर म्हणाला, आणि ड्रिल खांद्यावर टाकून कड्याखाली गेला.

पडद्यावर

शून्य. दगड आतून तडकतो.

दोन. दिवा लागण्याइतकी रेघ उठते. दिवा.

नऊ. दरड खाली.

मध्ये सात सेकंद. आडोसा पाचावर.

कड्याखाली

शून्य. दगड आतून तडकतो. कुरकुर नाही, वीस मिनिटं नाहीत. हा कडा पुस्तक वाचून पडत नव्हता. मास्तर ड्रिलच्या टोकावरची धूळ फुंकतोय.

एक. चाळणी ऐकतेय.

दोन. चाळणी ऐकतेय. लंबू पाणी पितोय, बाटली वर धरून.

तीन. थोरला केबिनीत दिव्याकडे बघतोय. दिवा काळा.

चार. मास्तर लंबूला काहीतरी म्हणतो. क्रशरवाला लांबून बघत होता, त्याला एवढंच दिसलं की लंबू बाटली तोंडाला असतानाच हसला आणि पाणी त्याच्या शर्टावर सांडलं.

पाच.

सहा.

सात. चाळणी ऐकतेय.

आठ. वरून खडीचे चार दाणे. मास्तर मान वर करतो.

नऊ. दरड खाली.

दहा. दिवा. थोरला खिडकीकडे न बघताच बटण दाबतो. भोंगा वाजतो, छान मोठ्यानं, धुळीच्या ढगावर.

जतन करा, याच नावाने

त्या संध्याकाळी थोरला घरी आला तेव्हा त्याच्या भुवयांवरसुद्धा पांढरी धूळ होती. थोरलीनं टॉवेल पुढे केला, तो त्यानं घेतला नाही. भिंतीला पाठ लावून खालीच बसला.

"मी बघतच होतो," तो म्हणाला. "दिव्याकडेच बघत होतो. दिवा लागला आणि मी दाबलं. पण तेव्हा धूळ वर आलेली होती, धाकटे. आधी धूळ, मग दिवा. असं कसं?"

धाकटीच्या मनात दोन आकडे आपसूक एकमेकांजवळ सरकले. रेघ उठायला लागणारे दोन आणि चाळणीचे आठ. बेरीज करायला तिला बोटं लागली नाहीत. तिनं तोंड उघडलं होतं. मग थोरली म्हणाली, "आधी त्यांना चहा दे," आणि धाकटी चहा आणायला उठली. त्या उठण्यात जे राहिलं ते राहिलं.

नवऱ्याला तिनं त्याच दिवशी सांगितलं. त्यानं आधी उठून दार लावलं. मग म्हणाला, "दादाला फार तर कामावरून काढतील. तुला आत टाकतील."

"पण दोष त्यांचा नाही."

"मी दोषाचं बोलत नाहीये."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः प्रोग्रॅमची खिडकी उघडली, खाणीतून आलेली नोंद त्यात घातली आणि आलेख छापला. टिक होती तशी. दिवा दोनवर, दरड नऊवर. साहेबांनी सुस्कारा टाकला. "देवासारखी चालली आपली पेटी. सात सेकंद दिले तिनं. त्यांचा माणूस झोपला, त्याला आपण काय करणार?" तो त्यांचा माणूस धाकटीचा दीर आहे हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून पुढे म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. घरचं वेगळं, काम वेगळं."

पेटी मूळ कंपनं तेवढी साठवायची. दिवा नेमका कधी लागला याची नोंद ती ठेवत नसे. ते पुढच्या आवृत्तीत करायचं ठरलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी खाणमालकाचा निरोप आला की उद्यापासून कड्याखाली पुन्हा माणसं लागतील. नवी जोडी मिळाली होती. धाकटी लॅपटॉप घेऊन खाणीवर गेली. केबिनीत थोरला नव्हता, त्याची किटली होती. भिंतीवरची पेटी उघडून तिनं केबल जोडली आणि खिडकीतला लांबीचा रकाना पुसून पुन्हा ८०१ केला. आता भोंगा पुन्हा उगाच वाजेल. वाजू दे. आता कुणी तक्रार करणार नव्हतं.

साहेबांची कचेरीत एक शिस्त होती: एका कामाची एकच फाईल, एकच नाव. शेवटची, अगदी शेवटची, शेवटची-दोन असली पिलावळ त्यांना खपायची नाही. नवं आलं की जुन्यावर जतन करायचं. प्रोग्रॅमनं विचारलं, या नावाची फाईल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? सहा वर्षांची सवय होती. तिनं हो दाबलं.

उद्या तिथं दोन माणसं उभी राहणार होती, त्यांच्यासाठी तिनं ते केलं. हे खरं होतं. ते करून ती केबिनीबाहेर आली तेव्हा तिला हलकं वाटलं, हेही खरं होतं. आठ हजार एक आता कुठेच नव्हतं.

ज्याचा रकाना नाही

चौकशी अधिकारी उंच आवाजात बोलणारा माणूस नव्हता. तो कागद पुढे सरकवायचा आणि गप्प बसायचा. थोरल्याला त्यानं तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा तोच आलेख टेबलावर.

पहिल्यांदा थोरला म्हणाला, "दिवा दरडीनंतर लागला."

दुसऱ्यांदा म्हणाला, "मला तरी दरडीनंतरच दिसला."

क्रशरवाल्यानंही सांगितलं की भोंगा नंतर वाजला. तेच तर, अधिकारी म्हणाला, भोंगा नंतर वाजला हे सगळेच सांगतायत. दिवा आधी लागला आणि भोंगा नंतर वाजला. मधले आठ सेकंद कुणाच्या हातात होते?

घरी थोरला जेवणावर बसून घास तसाच हातात धरून राहायचा.

"किटली होती तिथं," एक दिवस तो म्हणाला. "मी चहा ओतत असेन का गं?"

"तुम्हीच म्हणालात ना, दिव्याकडे बघत होतात म्हणून," थोरली म्हणाली.

"हो, म्हणालो खरा." मग थोड्या वेळानं, "झाकण सापडत नव्हतं मला. किटलीचं. ते त्याच दिवशी की आदल्या दिवशी?"

धाकटी भिंतीपलीकडे ताटं धूत होती. भिंत कसली, विटांचा पडदा. सगळं ऐकू यायचं. उद्या सांगू, असं तिनं त्या दिवशी ठरवलं. त्याआधीच्या दिवशीही तेच ठरवलं होतं.

आठव्या दिवशी थोरल्यानं तिसरा जबाब दिला. दिवा आधी लागला असावा, माझं लक्ष नव्हतं, असं त्यात लिहिलं होतं. खाली सही. घरी येऊन त्यानं मास्तरच्या बायकोकडे जायला म्हणून चपला घातल्या, जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. असं तो तीन दिवस करत होता. अकराव्या दिवशी थोरली धाकटीच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही.

"धाकटे, मला त्यातलं काही कळत नाही. एवढंच सांग. तुझी पेटी कधी खोटं बोलते का?"

"ताई..."

"नको सांगूस. तुझं तोंडच सांगतंय." आणि ती जिना उतरून पाणी भरायला गेली.

धाकटी तशीच उठली आणि चौकशीच्या कचेरीत जाऊन बसली.

टिक

तिनं लॅपटॉप उघडून लांबीच्या रकान्यात पुन्हा ८००१ घातलं, त्या दिवशीची नोंद चाळली आणि अधिकाऱ्याला चौकोन दाखवला. टिक काढली. चाळलेली रेघ उजवीकडे सरकली, दिवा दहावर गेला. टिक लावली. रेघ डावीकडे आली, दिवा दोनवर.

अधिकाऱ्यानं चष्मा काढून पुसला. "मग खरी कुठली?"

"टिक नसलेली. पेटीला वेळ मागे नेता येत नाही. ते कागदावरच होतं."

"टिक तुमची, पेटी तुमची, कागद तुमचा. अकरा दिवस हा कागद खरा होता. आज हा दुसरा खरा." तो शांतच होता. "वाद कशाला? कड्यावर जाऊन बघू. दगडावर हातोडा मारायचा आणि आकडे मोजायचे. दहा झाले तर तुमचं खरं."

"आता दहा होणार नाहीत," धाकटी म्हणाली.

तरी ते गेले. डोक्यावर शिरस्त्राणं घालून, कड्याखाली, जिथं पांढरी भुकटी अजून झाडलेली नव्हती. अधिकाऱ्याचा शिपाई केबिनीत दिव्यापाशी उभा. धाकटीनं कानाजवळच्या दगडावर हातोड्याचे घाव घातले, जीव खाऊन. तिसऱ्या घावाला शिपायानं केबिनीतून हात वर केला.

"लगेच लागला," अधिकारी म्हणाला.

"मी चाळणी बदलली. तिसऱ्या दिवशी."

"का?"

"चौथ्या दिवशी माणसं इथं उभी राहणार होती."

"जुनी?"

"तिच्यावरच जतन केली."

"कुणाला सांगून?"

"कुणालाच नाही."

अधिकारी भुकटीत बुटाच्या टोकानं रेघ ओढत उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता. "निरीक्षकांच्या तुम्ही कोण?"

"भावजय."

"हं." त्यानं मान हलवली, जशी दुखवट्याला गेलेला माणूस हलवतो. "माझीही एक भावजय आहे. फार जीव लावते सगळ्यांना. हे बघा, मी लिहून घेतलं तर पुरावा बदलल्याचं तुमच्यावर येईल, आणि त्यांच्यावरचं जाणार नाही. त्यांनी सही केली आहे. काय करू, सांगा."

"लिहा," धाकटी म्हणाली.

त्यानं लिहिलं. अहवाल निघाला तेव्हा तिचा जबाब शेवटच्या पानाला जोडलेला होता आणि त्यावर शेरा: नात्यातील व्यक्ती, ग्राह्य नाही. पुरावा बदलल्याचं कलमही लागलं नाही, कारण जी चाळणी कागदोपत्री नव्हतीच ती बदलली कशी? साहेबांनी तिला चहा पाजून राजीनामा लिहून घेतला. मास्तर आणि लंबू यांच्या मरणाचं कारण दोन ओळींत मावलं. दुसऱ्या ओळीत थोरल्याचा हुद्दा होता, पूर्ण.

पूर्ववत करा

(हे बटण फिकट दिसतं. दाबलं जात नाही.)

विलंब काढून दाखवा

एका सकाळी तिनं लॅपटॉप थोरल्यासमोर ठेवला. थोरली बाजारात गेली होती, नवरा कामावर. थोरला आता दिवसभर खिडकीपाशी बसायचा. त्याच्या वर काचेचा दिवा होता, तो त्यानं काढून ठेवायला लावला होता.

धाकटीनं सगळं सांगितलं. ८०१, ८००१, आठ सेकंद, तिसरा दिवस. आडपडदा न ठेवता. अधिकाऱ्याला जे तासभर कळलं नव्हतं ते थोरल्याला पाच मिनिटांत कळलं.

"म्हणजे जाळी बारीक केलीस," तो म्हणाला.

"हो."

"बारीक जाळीवर माल वेळ काढतो. नाचतो, फिरतो, मग खाली पडतो. वीस वर्षं बघतोय मी. खडी आत्ता टाकली तर अर्ध्या घटकेनं खाली." तो किंचित हसलासुद्धा. "मला विचारायचं होतंस. हे मी तुला सांगितलं असतं."

धाकटीनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

"दाखव ती रेघ."

तिनं टिक काढली. रेघ उजवीकडे गेली.

"परत."

टिक. डावीकडे.

"परत."

असं त्यानं सात-आठ वेळा करायला लावलं. उंबऱ्यावरून आत-बाहेर करणाऱ्या माणसाकडे बघावं तसं तो त्या रेघेकडे बघत होता.

"पहिल्या दिवशी मी म्हणालो, आधी धूळ, मग दिवा. इथं, या भिंतीला टेकून म्हणालो. तू समोर होतीस."

"होते."

"त्या दिवशी मला पक्कं ठाऊक होतं."

"भावोजी, तेच खरं होतं. तुम्ही बरोबर होता. तुम्ही बघतच होतात."

"असेल." त्यानं डोळे मिटले. "पण आता मिटले की मला दिवा दिसतो, धाकटे. आधीच लागलेला. लाल. आणि मी पाठमोरा, किटलीचं झाकण शोधतोय. कुठे गेलं, कुठे गेलं. मास्तर खाली उभा आहे. दिवा माझ्या पाठीवर पडलाय, मला त्याची ऊब लागतेय." त्यानं डोळे उघडले. "तू सांगतेस ते मला कळतं. पण मला ते आठवत नाही. मला हेच आठवतं."

पडद्यावर टिक निघालेली होती. रेघ उजवीकडे, दिवा दहावर.

थोरल्यानं हात पुढे केला. खडी उचलून उचलून जाड झालेलं त्याचं बोट माउसवर नीट बसेना. दोनदा बाण चौकोनाच्या बाजूनं निसटला. धाकटी मदतीला वाकली, तर त्यानं कोपरानं तिला बाजूला केलं. तिसऱ्या खेपेला जमलं. चौकोनात टिक उमटली. रेघ मुकाट्यानं डावीकडे सरकली आणि दोनवर जाऊन थांबली.

"असू दे अशीच," तो म्हणाला, आणि खिडकीकडे तोंड करून बसला.